बिनआवाजाचा डबा

“आवाज न करणारा पाहिजे,” मी म्हणाले.

शिरगुप्प्यांनी कानाशी हात नेऊन मला पुन्हा बोलायला लावलं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला कुणाची तरी यंत्रमागांची शेड लागून होती. काउंटरवरची स्क्रू ठेवलेली स्टीलची वाटी त्या धडधडीनं कणाकणानं कडेला सरकत होती आणि शिरगुप्पे तिच्याकडे न बघताच अधूनमधून तिला बोटानं मागं ढकलत होते. मी आवाज चढवून सगळं पुन्हा सांगितलं. घरच्या कॉम्प्युटरला पॉवर सप्लाय हवा आहे, लहान चालेल, पण त्याच्या पंख्याचा आवाज येता कामा नये.

“इचलकरंजीत?” ते म्हणाले. “ताई, इथं पोर जन्मलं की आधी माग ऐकतंय, मग आईला.”

दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. माझ्या शेजारी आप्पा, माझे वडील, कापडी पिशवी पोटाशी धरून उभे होते. याच दुकानातून महिन्याभरापूर्वी त्यांनी नेलेला पॉवर सप्लाय त्या पिशवीत होता. आप्पांना ऐकू येत नव्हतं. सगळा जन्म मागांमध्ये काढलेल्या आमच्याकडच्या पुष्कळ माणसांना येत नाही. पण ते ओठ वाचायचे, आणि आत आल्यापासून त्यांनी शिरगुप्प्यांच्या तोंडावरची नजर काढली नव्हती.

“हसण्यासारखं काय झालं?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा गरजेपेक्षा मोठा होता.

मी आदल्या दिवशी पुण्याहून आले होते. पुण्यात मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचं काम करत असे आणि चार-सहा आठवड्यांनी घरी चक्कर मारत असे. या खेपेला घरात शिरले तर आईच्या कॉम्प्युटरवर चादरीचा तुकडा घातलेला दिसला, चारी बाजूंनी नीट खोचलेला. माइक खोक्यात गेला होता. जाड भिंगाचा चष्मा खिडकीत पडला होता. आई पलंगावर भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, “ये. चहा तूच टाक.”

आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर मिरजेच्या एका ग्रंथालयासाठी ती घरी बसून पुस्तकं वाचून द्यायची. ते ग्रंथालय अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करत असे. पाळी बदलताना आमचे माग थोडा वेळ थांबायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला सगळी गल्लीच थांबायची. तेवढ्या वेळात ती माइकसमोर बसायची. कथा-कादंबऱ्या वाचायला माणसं मिळतात, म्हणून आई मुद्दाम कुणी हात लावणार नाही अशी पुस्तकं मागून घ्यायची. सहकार कायदा, गुरांचे आजार, भूमिती. ग्रंथालयाचे मंगसुळीकर सर म्हणायचे की दिवटे बाईंनी वाचलेला तक्तासुद्धा डोळ्यांसमोर उभा राहतो. सर स्वतः जन्मांध होते, म्हणून त्या शाबासकीचं तिला फार वाटे.

तेव्हा तिच्याकडे नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. गोदावरी झाली होती, कृष्णा सुरू होती, आणि पंचगंगेचं प्रकरण समोर असताना तिनं कॉम्प्युटर झाकून ठेवला होता.

कारण तिनं लगेच सांगितलं नाही. चहा झाला, माझी चौकशी झाली, मग म्हणाली की सरांचा फोन आला होता. शेवटच्या काही प्रकरणांत मागं सतत एक आवाज येतोय, कुणाला तरी धाप लागल्यासारखा. असं ध्वनिमुद्रण वाचकांना देता येणार नाही. बाईंनी थोडे दिवस विश्रांती घ्यावी, पुस्तक दुसऱ्या कुणाकडून तरी पुरं करून घेऊ, असं ते फार हळुवारपणे म्हणाले होते.

“सरांचे कान तिखट आहेत,” आई म्हणाली. “मला वाटलं होतं, माइकला कळणार नाही.”

तिची छाती दोन वर्षांपासून बिघडली होती. शेडला लागून असलेल्या घरात जन्मभर उडणारी कापसाची बारीक फक्की, त्यात लहानपणीची चूल. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला होता आणि बोलणं कमी करायला सांगितलं होतं. ते तिनं आपल्या पद्धतीनं पाळलं होतं. शेडमध्ये माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलतात, कारण ओरडून उपयोगच नसतो. आई तेच घरात करायला लागली होती. आप्पांशी बोलताना ती आवाजच काढायची नाही. जेवायला या, दूध आलं, लाइटचं बिल भरलं का, सगळं मुक्यानं. वाचवलेला सगळा दम पुस्तकाला.

मी चादर काढली आणि हेडफोन लावून ती प्रकरणं ऐकली. आवाज होता. पण श्वास येतो आणि जातो. हा येत-जात नव्हता, एकसारखा लागून राहिला होता. ती गप्प झाली तरी तो चालूच. मी मागची प्रकरणं लावली. गोदावरीत आवाज नव्हता, कृष्णेच्या सुरुवातीलाही नव्हता. मध्येच एका दिवसापासून तो सुरू झाला होता. त्या दिवशी काय झालं ते आईला आठवायला वेळ लागला नाही. आधीचा पॉवर सप्लाय धूर काढून जळाला होता, आणि आप्पा स्वतः जाऊन नवा घेऊन आले होते. मी कॉम्प्युटरच्या पाठीमागे कान नेला. मागांच्या धडधडीत खोलीत तो कुणाला जाणवलाही नसता, पण माइक होता तिथून वीतभर अंतरावर. त्या डब्यातला पंखा उसाच्या चरकावर माशी बसू नये म्हणून लावतात तसा फिरत होता.

मी तिला सांगितलं, हा तुझा श्वास नव्हे, हा पंखा आहे.

“समजूत काढू नकोस माझी.”

“समजूत नाही. उद्या बदलून आणते, मग तूच ऐक.”

“आणि बदलल्यावर मीच निघाले तर?”

“नाही निघणार,” मी म्हणाले. मला तेव्हा पक्की खात्री होती.

ती थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. मग नुसत्या ओठांनी, आवाज न करता, मला म्हणाली, “यांना सांगू नकोस. हौसेनं आणलाय.”

“काय सांगू नको?” आप्पांनी दारातून विचारलं.

बहिऱ्या माणसाच्या घरात आवाज न काढता गुपित बोलायचं, ही चूक आईनं केली. मग सांगणं भाग पडलं. आप्पा खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मागाला मोटार घेताना लागते त्याहून थोडी जास्त ताकदीची घ्यावी, म्हणजे ती तापत नाही, हा त्यांचा हिशेब. म्हणून शिरगुप्प्यांकडचा सगळ्यात मोठा, साडेसातशे वॅटचा, लाल दिवे लागणारा डबा त्यांनी उचलला होता. बसवून झाल्यावर त्याला कान लावून बघितला होता आणि एकदम शांत आहे म्हणून सांगितलं होतं. आईनं मान डोलावली होती.

“तुला तरी ऐकू यायला पाहिजे हुतं,” ते आईला म्हणाले.

“मला वाटलं, मीच,” आईचे ओठ म्हणाले.

तर असे आम्ही दोघं त्या दुकानात उभे होतो. आदल्या संध्याकाळी मी या विषयावर मिळेल तेवढं वाचून काढलं होतं. आईच्या कॉम्प्युटरला सगळं धरून शंभर वॅटसुद्धा लागत नव्हते. साडेसातशेचा डबा घेतला म्हणून वीज जास्त जात नाही, हे खरं, पण या डब्याच्या कागदावर साडेसातशे लिहिलेले असले तरी आत तेवढा जीव नव्हता, आणि पंखा स्वस्तातला, सुरू झाला की पूर्ण वेगानं फिरणारा. त्यापेक्षा चांगल्या बांधणीचा, साडेतीनशे-चारशेच्या घरातला पुरे होता. काही डब्यांत तर काम हलकं असलं की पंखा थांबूनच राहतो, तापला तरच फिरतो. मला तसा हवा होता.

शिरगुप्प्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले की लोक लहानाचं मोठं करून नेतात, मोठ्याचं लहान करायला आलेलं गिऱ्हाईक ते पहिल्यांदाच बघताहेत. उद्या ग्राफिक कार्ड टाकायचं झालं तर?

“आई गेम खेळत नाही.”

“आज नाही. उद्याचं कुणी बघितलंय?” मग त्या दोन गिऱ्हाइकांकडे बघत ते म्हणाले, “बघा, आप्पांना काहीच ऐकू येत नाही आणि ताईंना जरा जास्तच येतंय. दोघांची बेरीज करून निम्मं करा, बरोबर बसेल.”

“बेरीज करूनच आलोय,” आप्पा म्हणाले. “तू दाखव.”

शिरगुप्प्यांनी तीन खोकी काढली. तिन्हींवर मोठे आकडे आणि आगीच्या ज्वाळा. मी नको म्हटलं. मग वरच्या फळीवर, जुन्या कीबोर्डांच्या मागं एक साधं राखाडी खोकं होतं, त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यावर साडेचारशे लिहिलं होतं आणि कंपनी मी वाचलेल्यांपैकी होती.

ते नेऊ नका, असं शिरगुप्पे म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तो डबा दोन गिऱ्हाइकांनी परत आणून टाकला होता. बिघडलेला निघाला होता.

“काय बिघडलंय?”

“पंखाच फिरत नाही. दोघांचीही तीच तक्रार. कॉम्प्युटर चालतोय का बंद आहे तेच कळत नाही म्हणे.”

आमच्या गावात जी वस्तू आवाज करत नाही ती बंद आहे असंच धरतात. माग थांबला की कारागीर झोपेतून जागा होतो. त्या दोघांनी कॉम्प्युटर सुरू केला असेल, मागं हात लावून बघितला असेल, पंखा गप्प पाहून तो डबा खोक्यात घालून परत आणला असेल.

“फिरत नाही म्हणूनच पाहिजे,” मी म्हणाले.

शिरगुप्प्यांनी आप्पांकडे बघितलं, पोरीला समजवा अशा नजरेनं. आप्पांनी खोकं हातात घेतलं, डबा बाहेर काढला आणि पिशवीतला लाल दिव्यांचा डबा दुसऱ्या हातात धरला. सूत गुंडाळलेले कोन तोलतात तसे दोन्ही थोडे वरखाली केले. मग लाल दिव्यांचा काउंटरवर ठेवून दिला.

“पोकळ हाय ह्यो,” ते म्हणाले. “आकडा तेवढा मोठा.”

शिरगुप्पे म्हणाले, हा नेलात तर परत घेणार नाही, चालला नाही तर माझ्या नावानं ओरडायचं नाही. आप्पा म्हणाले, ओरडलो तरी तुला हितं ऐकू येणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. गल्ली थांबली की आमच्याकडे कानांना पहिल्यांदा दडे बसल्यासारखं वाटतं, मग हळूहळू इतर गोष्टी ऐकू यायला लागतात. कुणाचं तरी भांडं, बादलीत पडणारं पाणी. मी कॉम्प्युटर आडवा करून उघडला. आप्पांनी स्क्रू काढले, वायरी मी ओळखत गेले आणि त्यांनी त्या ओढून-बसवून दिल्या. धागा ओवणारी बोटं होती, कुठंही जोर करत नव्हती. आई पलंगावरून बघत होती.

बटण दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं. आप्पांनी डब्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“चालू हाय?”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. तो उजळला होता. खोलीत मात्र काही ऐकू येत नव्हतं, अगदी काहीच. मला माझंच बरोबर ठरल्याचा आनंद झाला होता हे मी नाकारणार नाही. मी माइक खोक्यातून काढला, तिचा चष्मा पुसून दिला आणि खुर्ची पुढं ओढली.

आई लगेच उठली नाही. म्हणाली, आज नको, उद्या बघू. उद्या माग चालू असतील, मी म्हणाले. मग पदर खोचून आली आणि बसली. हेडफोन लावले. पंचगंगेचं पान काढलं. आप्पा तिच्या बाजूला स्टुलावर बसले. ऐकू येत नसल्यानं ते नेहमी पडद्याकडेच बघायचे. आवाज आला की पडद्यावरची रेघ उठते, गप्प झालं की सपाट होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. आईनं वाचलेलं त्यांनी तेवढंच अनुभवलं होतं. इतक्या पुस्तकांतला एक शब्दही त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

तिनं सुरुवात केली. नदीचा उगम, कोल्हापूरजवळच्या प्रयागचा संगम. मग पाच नद्यांची नावं आली. ती नावं ती सावकाश घ्यायची, ऐकणाऱ्याला एकेक नदी वेगळी दिसावी म्हणून. कासारी. कुंभी. तुळशी. भोगावती. आणि गुप्त मानलेली सरस्वती.

परिच्छेद संपला तशी तिनं ध्वनिमुद्रण थांबवलं.

“हे काय?” आप्पांनी विचारलं.

त्यांचं बोट पडद्यावर होतं. कासारी आणि कुंभी यांच्या मधल्या जागेत रेघ सपाट नव्हती. एक लहानसा उंचवटा होता, सुतातल्या गाठीसारखा.

मी म्हटलं, माइकला धक्का लागला असेल.

आप्पांनी बोट पुढं सरकवलं. कुंभी आणि तुळशीच्या मध्ये तसाच उंचवटा. तुळशी आणि भोगावतीच्या मध्ये पुन्हा. कापड तपासताना ते असंच बोट फिरवायचे.

“एकदा आलं तर गाठ,” ते म्हणाले. “दर हातभर कापडात यायलंय तर मागातच काय तरी हाय.”

मी म्हटलं, विजेचा काही तरी दोष असेल, मी बघते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“उजू, खोटं बोलतीस तवा तू ओठ कमी हलवतीस.”

मग ते आईकडे वळले. आईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. तिनं ऐकलं होतं. पंख्याचा पडदा दूर झाल्यावर त्यामागं तिचा श्वास होता. आत घेताना खरखरणारा, अर्ध्यात अडकून पुन्हा निघणारा. पंखा खरा होता आणि तीही खरी होती. मी तिला ‘नाही निघणार’ म्हणाले होते, आणि ती निघाली होती.

ती आप्पांशी बोलली, आवाज न करता. मागवाल्याच्या घरात वाढल्यामुळं मलाही ते वाचता येत होतं.

“मी आहे ती. श्वास घेतीय.”

आप्पा काही वेळ तिच्या ओठांकडेच बघत राहिले, जणू पुढं काही यायचं आहे.

“कवापासनं असा?”

“झाली दोन वर्षं. या महिन्यात फार वाढलाय.”

“मला कसं कळलं न्हाई?”

“तुम्हाला ऐकू येतंय व्हय?” आई म्हणाली आणि हसली. हसताना खोकला आला. ध्वनिमुद्रण बंद होतं, तरी आप्पांनी आधी पडद्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

मी म्हणाले की आज इथंच थांबू. तिनं पडावं. सरांना मी सांगते, पुस्तक द्यायचं तर देऊ दे कुणाला. डॉक्टरांनीही बोलू नका असं सांगितलंच आहे.

“बोलू नका म्हणालेत,” आई मोठ्यानं म्हणाली. “वाचू नका नाही म्हणाले.”

“आई, ऐकलंस ना तू आत्ता.”

“ऐकलं. म्हणून तर. इतके दिवस मी त्या पंख्याचं पाप माझ्या अंगावर घेऊन बसले होते. ते गेलं. आता जेवढं माझं आहे तेवढंच आहे, आणि ते काही फार नाही.” तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. “मला पुन्हा विचारू नकोस. पान धर माझं.”

मी पान धरलं. तिनं पंचगंगेचं सगळं प्रकरण वाचलं. मध्ये दोनदा पंप घेतला. आप्पा पडद्यासमोरून हलले नाहीत. दोन उंचवटे जवळजवळ यायला लागले की ते हात वर करायचे, थांब म्हणून. ती त्यांचा हात बघायची आणि वाक्य पुरं करूनच थांबायची. एकदासुद्धा वाक्याच्या मध्ये थांबली नाही.

ती फाइल मी मिरजेला पाठवली. दोन-तीन दिवसांत सरांचा फोन आला. मी अजून घरीच होते. फोन स्पीकरवर ठेव, असं आईनं खुणेनं सांगितलं.

सर खूश होते. खोली एकदम स्वच्छ ऐकू येतेय, काय केलंत ते आमच्या इतर वाचकांनाही सांगा, म्हणाले. मी साडेचारशेच्या डब्याचं सांगितलं. ते मनापासून हसले. मग थोडे अडखळले. ऐकताना मध्ये मध्ये श्वास जाणवतो, असं ते म्हणाले. पण बाईंनी त्याची अजिबात काळजी करू नये. त्यांच्याकडे आता कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं आहेत, दोन वाक्यांमधले सगळे श्वास ती तासाभरात काढून टाकतील. इतर पुस्तकांत करतातच. मग कुठलाही अडथळा राहणार नाही.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

“काढू नका, सर.”

“अहो, वाचकांना त्रास नको म्हणून. तुमच्या वाचनाला धक्का लागणार नाही.”

“श्वास काढून टाकलेली बाई मला नको. ते मी गेल्यावर व्हायचंच आहे, त्याला मुलं लावायची गरज नाही.”

सरांनी तिला समजावलं. ग्रंथालयाचा नियम आहे, एका पुस्तकाला एक दर्जा लागतो. ते कडक बोलत नव्हते, पण मागेही हटत नव्हते. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की नियम असेल तर नियमच पाळा. ती पुस्तक परत पाठवते, दुसऱ्या कुणाला द्या. पण मग अर्धं तिचं आणि अर्धं दुसऱ्याचं असं करू नका. गोदावरीपासून सगळं काढून टाका आणि पहिल्या पानापासून त्यांच्याकडून वाचून घ्या.

ते पुस्तक तिनं वर्षभर वाचलं होतं. मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं तो बाजूला केला.

आई बोलायची थांबली होती पण फोन तिनं तोंडाजवळच धरला होता, आणि बोलून बोलून तिला धाप लागली होती. ती लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही. सर ती ऐकत असणार. त्यांच्यासारखा माणूस दुसरं काय करणार. आप्पा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ओठ हलत नसल्यानं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

“बाई,” बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “भीमेचं प्रकरण कधी पाठवताय?”

“सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी,” आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग आप्पांकडे वळून तिनं ओठांनी सांगितलं, “जसंच्या तसं घेतायत.”

“घेणारच,” आप्पा म्हणाले. “न घेऊन सांगतात कुणाला.”

भीमा झाली, तापी झाली, कोकणातल्या लहान लहान नद्याही झाल्या. दर सुट्टीला आप्पा तिच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. शेवटच्या प्रकरणांत उंचवटे मोठे होत गेलेले आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर कमी, पण वाक्यं सगळी पुरी आहेत. पुस्तक ग्रंथालयात गेलं, वाचकांपर्यंत गेलं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली.

तेराव्याला आलेल्या माझ्या मावसभावानं ती ध्वनिमुद्रणं थोडी ऐकली. पुण्यात त्याच्या ओळखीचा एक जण हे सगळं साफ करून देतो, असं तो मला म्हणाला. मावशीचा आवाज किती गोड होता, पुढच्या पिढीनं तो तसा ऐकायला हवा, हे धापा टाकणं कशाला ठेवायचं? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी त्याला म्हणाले, एक सेकंदही कापायचा नाही. तो म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतीयस. मी म्हणाले, हो, आणि उद्या भर ओसरला तरी हेच बोलणार आहे.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं होते. यंदा गेले. माग त्यांनी विकून टाकले होते, पण कॉम्प्युटर जागचा हलू दिला नव्हता. मी घरी आले की दुपारी ते त्याच्यासमोर बसलेले दिसायचे. स्पीकरची वायर त्यांनी काढून गुंडाळून ठेवली होती, त्यांना तिचा काय उपयोग. पडद्यावर पंचगंगेची फाइल चालू असायची आणि रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जायची.

एकदा मी त्यांच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल अशी वाकून विचारलं, जेवायला वाढू का? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कासारी होऊन गेली होती आणि तो लहानसा उंचवटा पडद्यावर आला होता. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला अडवलं.

“थांब जरा,” ते म्हणाले. “श्वास घेतीय ती.”